पहिला तांब्या तुळशीचा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला रडता येत नाही, हे मला ती गेली त्या दिवशी कळलं. स्मशानातून आल्यावर दुबईत अल मनखूलच्या त्यांच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसं बसली होती. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष मोबाइल पालथे ठेवून फरशीकडे बघत होते. दाजींनी सगळ्यांना चहाचं विचारलं, आणि मग पान्हा घेऊन किचनमधला गळका नळ दुरुस्त करायला बसले. वॉशर बदलून झाल्यावर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "खलास. आता नाही गळणार."

मला त्यांचा राग आला. तो मी पुढे वर्षभर नीट जपून ठेवला. खरं सांगायचं तर त्या वर्षात माझ्याकडे रागाशिवाय दुसरं फारसं काही नव्हतंच. बाकी सगळं बधिर होतं. शाळेत जायचं, परत यायचं, भाजी चिरायची. बोट कापलं तर रक्त दिसायचं, तेव्हा कळायचं.

कोणी विचारलं, की शेवटी सविता काही बोलली का हो, तर दाजी म्हणायचे, "तुळशीला पाणी घाला म्हणाली." एवढंच. त्यातही माझं नाव नव्हतं, म्हणून मी तेही रागाच्या खात्यात टाकलं.

दाजी म्हणजे वासुदेव शेडगे. आम्ही साताऱ्याकडचे, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्यात दाजी म्हणतात. शहाण्णव साली एसीचे डक्ट साफ करणाऱ्या एका कंपनीत कामाला म्हणून ते दुबईला आले. एका खोलीत आठ जण राहायचे. खोलीतला एसी बिघडला की बाकीचे सात जण मालकाला शिव्या द्यायचे आणि दाजी गप्पपणे एसी उघडायचे. पुढे शैलेंद्र नावाच्या एका नागपूरकराबरोबर स्वतःची छोटी मेंटेनन्स कंपनी काढली, पण स्वभाव तोच राहिला. बिघडलेली वस्तू समोर असली की हा माणूस सुखी. माणसं समोर बसली की घामाघूम.

ताईला इथं आणलं तेव्हा एअरपोर्टवर तिच्या नावाची पाटी धरून उभे होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. "गर्दीत चुकामूक झाली असती तर?" हा त्यांचा खुलासा. ताई ही गोष्ट दर दिवाळीला सांगायची, आणि दर दिवाळीला दाजी मान खाली घालून चकली मोडत बसायचे.

कॅरॅव्हॅन ही ताईची हौस. "सव्वीस वर्षं लिफ्टनं घरी जातेय," ती म्हणायची. "एकदा तरी दार उघडलं की पाय मातीत पडला पाहिजे." मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज मास्तरांकडून तिनं ती जुनी गाडी घ्यायला लावली. गाडीच्या मागे जोडून न्यायची खोली. आत दोन माणसांचा पलंग, गॅसची शेगडी, एवढंसं बाथरूम. तीस हजार दिरहम. "म्हणजे सहा लाख रुपये," मी म्हटलं. "गावाला दोन खोल्या होतात तेवढ्यात."

"गावाला वाळवंट कुठंय?" ताई म्हणाली.

सात वेळा गेले असतील ते दोघं, हत्ताला, फुजैराच्या किनाऱ्यावर. मग ताईच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि पाणी मोजून, दिवसाला पाऊण लिटर. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते अंगावर घेतलं. मी शाळेत परीक्षा विभागात आहे. वेळ संपली की पेपर हातातून काढून घ्यायचा, मूल रडलं तरी. माझ्या हाताला ती सवयच आहे. शाळेच्या लॅबमधून मी एक प्लॅस्टिकचा बीकर मागून आणला, त्यावर नेलपॉलिशनं लाल रेघ मारली, फ्रिजवर तक्ता चिकटवला. ताई मला मुकादम म्हणायची. "मुकादम आल्या, पेले लपवा," असं ती दाजींना सांगायची. मला हसू यायचं नाही.

ती गेली गेल्या नोव्हेंबरात. फेब्रुवारीत फ्लॅटचा करार संपला आणि दाजींनी तो वाढवला नाही. शारजाकडे, धैदच्या बाजूला एका अरबाचा मजरा आहे, म्हणजे शेतमळा. त्याच्या व्हिलाचे एसी दाजी कित्येक वर्षं बघत होते. तो म्हणाला, हबीबी, जागा पडूनच आहे, लाव तुझी गाडी. दाजींनी खजुराच्या झाडांमागे कॅरॅव्हॅन नेऊन लावली. वीज मजऱ्याची, पाणी मजऱ्याच्या बोअरचं. सोबतीला अर्सलान, पेशावरकडचा राखणदार.

आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. मुलगा कॅनडाहून फोनवर फोन करत होता. मी म्हटलं, "दाजी, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे."

"नको. तुमच्याकडे लिफ्ट आहे," ते म्हणाले.

नेताना त्यांनी दोन बॅगा, देवांचा डबा आणि तुळस एवढंच नेलं. तुळस म्हणजे निळ्या रंगाच्या जुन्या बादलीतलं रोप. त्या रोपाची वंशावळ मोठी होती. ताई इथं आली तेव्हा आमच्या आईनं पाचवडच्या अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून दिल्या होत्या. तेव्हापासून दरवर्षी ताई मंजिऱ्या वाळवायची, नवं रोप करायची, अख्ख्या बिल्डिंगला वाटायची. मला चारदा दिलं, चारही वेळा मेलं. काहींच्या हाताला तुळस लागत नाही, त्यातली मी. बिल्डिंगमधली माणसं बदली होऊन, नोकरी जाऊन पांगली, आणि आता त्या रुमालातल्या तुळशीचं हे एकच रोप उरलं होतं. दाजी त्याच्या मंजिऱ्या खुडून टाकायचे, कारण मंजिऱ्या काढल्या की रोप टिकतं एवढं त्यांना माहीत होतं. त्या जपून ठेवायच्या असतात, हे ताईनं सांगायचं राहिलं.

मग सुरू झालं पाणीपुराण.

मजऱ्याच्या बोअरचं पाणी जड. मी फोन केला की विचारायची, "दाजी, जेवलात का?" आणि तिकडून उत्तर यायचं, "डाळ शिजत नाही या पाण्यात. सात शिट्ट्या केल्या. दाणा न् दाणा वेगळा." तब्येत कशी आहे म्हटलं की, "शॉवरची भोकं बुजली चुन्यानं. सुईनं मोकळी केली." साबणाला फेस नाही, नुसता दह्यासारखा थर. टॉवेल वाळला की पापड. केस धुतले की हाताला चरचरीत लागायचे. चहावर तवंग. किटलीच्या तळाला पांढरी खपली.

ती खपली काढायला दाजींनी किटलीत आमसुलं घालून ठेवली. सकाळी अर्सलाननं न बघता त्यातच दुधाचा चहा ठेवला आणि तो फाटला. "साब, ये कौन सी चाय है?" अर्सलान म्हणाला. ही त्या वर्षातली एकमेव विनोदी घटना, आणि तीसुद्धा दाजींनी मला बातम्या वाचल्यासारखी सांगितली.

मी वैतागायचे. माणूस बायको जाऊन चार महिने झाले तरी तिचं नाव काढत नाही, आणि चुन्याबद्दल अर्धा अर्धा तास बोलतो. ताईच्या फोटोला हारसुद्धा नव्हता. फोटोच लावला नव्हता. भिंत पातळ आहे म्हणे, खिळा पलीकडे निघेल.

मार्चअखेर त्यांच्या लक्षात आलं की तुळशीच्या मातीवरही पांढरा पापुद्रा धरतोय. त्या दिवशी मात्र फोन त्यांनी केला. "अर्चना, हे पाणी तुळशीला चालायचं नाही. हिला चांगलं पाणी पाहिजे."

"मग बाटलीचं घाला की."

"बाटलीचं कसं घालणार?"

तेही खरंच होतं. प्यायच्या पाण्याच्या त्या वीस लिटरच्या बाटल्या रिकाम्या होऊन कंपनीत जातात आणि भरून परत येतात. कोणाच्या घरात होती, कोणी तोंड लावलं, देव जाणे. ताईच्या हिशेबी ते पाणी उष्टं. माणसांना चालतं, देवाला आणि तुळशीला नाही. फ्लॅटमध्ये नळाचंच पाणी चांगलं होतं, तेव्हा प्रश्नच आला नव्हता.

एप्रिलमध्ये दाजींनी पाणी मऊ करायचं यंत्र आणलं. गॅसच्या सिलिंडरच्या धाकट्या भावासारखी निळी टाकी. आत मोहरीएवढे मणी. पाणी त्यातून गेलं की मणी त्यातला चुना धरून ठेवतात. आठवड्याभरात मणी भरले की टाकीत मीठ घालायचं, वरून पाणी सोडायचं, मणी धुऊन निघतात, पुन्हा कामाला लागतात. दाजींना ती टाकी फार आवडली. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला बनियन घालून ते टाकी उघडत. मीठ मोजायला माझाच बीकर, लाल रेघेवाला. तो त्यांनी फेकून दिला नव्हता हे बघून मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

डाळ शिजू लागली. साबणाला फेस आला. पाण्याचा जडपणा बघायची कागदी पट्टी आधी जांभळी व्हायची, ती आता हिरवी राहू लागली. पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा एक मीटरही त्यांनी घेतला होता, तो मात्र टाकीच्या आधी जो आकडा दाखवायचा तोच टाकीच्या नंतरही दाखवायचा.

"चायना माल," दाजी म्हणाले आणि मीटर ड्रॉवरमध्ये टाकला.

आणि टाकी धुतल्यावर जे पहिलं पाणी यायचं, त्यातला पहिला तांब्या तुळशीचा. घरात काहीही नवं आलं की पहिला मान देवाचा, ही ताईची शिस्त. पहिली पोळी, पहिला आंबा, नव्या माठातलं पहिलं पाणी. दाजींनी तिच्या हयातीत कधी फुलाची परडीसुद्धा उचलली नव्हती, पण हा नियम त्यांनी इमानानं पाळला. रविवारी पहिला तांब्या, आणि बाकी दिवशी अंघोळ झाल्यावर त्याच नळाचा एक तांब्या. माणसांच्या आधी तिला.

जुलैत पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. उन्हाळा आहे म्हणून दाजींनी बादली ताडपत्रीच्या सावलीत सरकवली. ऑगस्टमध्ये खालची पानं गळली. सप्टेंबरात ऊन उतरलं तरी गळत राहिली.

"अजून चुना जात असणार," दाजी फोनवर म्हणाले. "आता आठवड्यातून दोनदा टाकी धुतो."

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. पण तेव्हा मला काय माहीत. मी म्हटलं, "दाजी, तुळशीचं जाऊ द्या. तुम्ही कसे आहात?"

"तुळस जाऊन कशी चालेल?" ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, सपाट. "तेवढंच सांगून गेलीय ती. तेवढंही नाही जमलं तर काय?"

पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस घाबरलाय. पण राग जपून ठेवलेला असला की असली जाणीव फार वेळ टिकत नाही.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी मी आणि माझी मुलगी रिद्धी तिकडे गेलो. रिद्धी वीस वर्षांची, इथंच जन्मलेली, इथंच युनिव्हर्सिटीत शिकते. मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र इंग्रजी येतं. सकाळचे दहा वाजले होते. दाजींनी नुकतीच टाकी धुतली होती. धुतलेला बनियन, कपाळाला गंध. नळ थोडा वेळ सोडून त्यांनी तांब्या भरला आणि पायरीवर ठेवला. एवढ्यात अर्सलाननं हाक मारली, "साब, मोटर ट्रिप हो गया." दाजी पान्हा घेऊन बोअरकडे गेले.

तुळशीकडे बघवत नव्हतं. काड्या उरल्या होत्या. शेंड्याला सात-आठ पानं, तीही मुडपलेली.

रिद्धी टाकीवरचं स्टिकर वाचत होती. वाचता वाचता तिनं तांब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"रिद्धी, तुळशीचं पाणी आहे ते. चाखायचं नसतं."

"आई, इट्स सॉल्टी."

"काहीतरी बोलू नकोस."

"आय ॲम सीरियस. टेस्ट इट."

देवाचं आधी चाखू नये, हे मला कोणी कधी शिकवलंसुद्धा नाही. ते हातापायांसारखं जन्मापासून अंगाला आहे. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट बुडवलं. वरणात मीठ चुकून दोनदा पडावं तसं लागलं.

रिद्धीनं मला समजावून सांगितलं. तिच्या इंग्रजीतलं मला जेवढं कळलं ते असं, की मणी पाण्यातला चुना धरतात ते फुकट नाही. त्या बदल्यात मिठातलं सोडियम पाण्यात सोडतात. म्हणून क्षारांचा आकडा कमी होत नव्हता. मीटर चांगला होता. आणि टाकी धुतल्यावरचं पहिलं पाणी म्हणजे तर निव्वळ मिठाचं. ते बराच वेळ सोडून द्यायचं, चाखून बघायचं, खारटपणा गेला की मगच वापरायचं. स्टिकरवर तसं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, झाडांना हे पाणी घालू नये.

म्हणजे दाजी ज्याला सगळ्यात चांगलं समजत होते तेच त्या टाकीतलं सगळ्यात वाईट पाणी. ते त्यांनी मान म्हणून तुळशीला घातलं. आणि ते तिचं होतं म्हणून एकदाही चाखून पाहिलं नाही.

"ही इज किलिंग इट, आई. एव्हरी सिंगल डे," रिद्धी म्हणाली. मग हळूच, "डोन्ट टेल हिम. प्लीज. वी कॅन जस्ट गेट अनदर वन फ्रॉम द नर्सरी."

मी उभी राहून विचार केला. सांगितलं नाही तर ते रोज घालत राहणार आणि हे शेवटचं रोप चार दिवसांत जाणार. सांगितलं तर त्यांना कळणार की आपणच मारलं. पण मी सांगायचं ठरवलं ते काही रोपासाठी नाही. मला बघायचं होतं, निदान याच्यानं तरी हा माणूस रडतो का. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा मनात हेच होतं.

दाजी परत आले. हात पुसले, तांब्या उचलला.

"दाजी, थांबा," मी म्हटलं. "ते पाणी खारं आहे. टाकीतलं मीठ उतरतं त्यात. तुळस चुन्यानं नाही मरत. तुम्ही मीठ घालताय तिला, एप्रिलपासून."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मागेपुढे काही नाही. रिद्धीनं डोळे मिटून घेतले.

दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिद्धीकडे. मग तांब्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

"खारं आहे," ते म्हणाले.

मग पायरीवर बसले. तांब्या दोन पायांच्या मध्ये.

"म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. पाणी मी बिघडवलं."

मी वाट बघत होते. काही आलं नाही. डोळे कोरडे. पलीकडे मोटर सुरू झाली, अर्सलाननं खजुरांना पाणी सोडलं. तेच बोअरचं पाणी, आणि झाडं हिरवीगार.

"तिनं पाणी मागितलं होतं," दाजी म्हणाले.

"कोणी?"

"सवितानं. हॉस्पिटलमध्ये, त्या दिवशी. तू शाळेत गेलीस ना दीड वाजता, त्यानंतर. तीन वाजले असतील." मोटरच्या आवाजात त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी खाली बसले. "म्हणाली, घोटभर द्या. मी म्हटलं, आजचं संपलंय. उद्या डायलिसिस झालं की देतो. रागावली नाही. हसली. म्हणाली, बरं, मला नाही तर घरी जाऊन तुळशीला तरी घाला. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला. तो तिनं चोखला. सव्वाचारला गेली."

रिद्धी माझ्या मागे उभी होती.

त्या दुपारी मी शाळेत गेले ते प्रिलिमचे पेपर लॉकरमध्ये ठेवायला. निघताना ताईच्या उशाशी बीकर होता, लाल रेघेपर्यंत भरून रिकामा झालेला. मी तो ट्रेमध्ये पालथा घातला. दाजींना बाहेर बोलावलं आणि म्हटलं, "आजचा कोटा संपला. आता ती कितीही म्हणाली, रडली तरी एक थेंब द्यायचा नाही. मला शब्द द्या दाजी. तुम्ही हळवे आहात, तुमचा भरवसा नाही."

त्यांनी शब्द दिला होता.

हे मी विसरले नव्हते. मी ते फक्त कधी बाहेर काढून पाहिलं नव्हतं. आणि या माणसानं वर्षभर, विचारेल त्याला, ताईचं शेवटचं बोलणं अर्धंच सांगितलं. पूर्ण सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलंच असतं, की मग का नाही दिलंत. आणि मग त्यांना माझं नाव घ्यावं लागलं असतं. आतासुद्धा घेतलं नव्हतं.

"शब्द मी घेतला होता तुमच्याकडून," मी म्हटलं.

"डॉक्टरांचं होतं ते. तुझं काय." दाजींनी तांब्या सरकवून बाजूला ठेवला. "आणि दिलं असतं तरी ती गेलीच असती. शैलेंद्रनं नंतर विचारलं होतं डॉक्टरांना. घोटभर पाण्यानं काही फरक पडला नसता म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. तिची तहान भागली असती."

मला वाटलं आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. वर्षभर मी ज्याच्यावर रागावले होते तो माणूस माझ्या शेजारी पायरीवर बसला होता, धुतलेल्या बनियनमध्ये, आणि माझ्याजवळ आता रागसुद्धा उरला नव्हता.

रिद्धी पुढे आली. हातात मोबाइल. "काका," ती म्हणाली, "इट सेज वी कॅन ट्राय फ्लशिंग इट. जस्ट प्लेन वॉटर. द सॉल्ट गोज आउट फ्रॉम द बॉटम." मग तिनं ते सावकाश मराठीत जुळवून सांगितलं, "वरून साधं पाणी घालायचं. खालून निघून जाईपर्यंत. परत परत."

"किती?" दाजींनी विचारलं. "किती घालायचं, ते लिहिलंय का?"

"नाही काका. नो लिमिट."

दाजी उठले. आत शेगडीजवळ पिण्याच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ते दारात थांबले आणि मला विचारलं, जसं ताईला विचारलं असतं, "बाटलीचं चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं.

आम्ही पहिली बाटली दोघांनी मिळून उचलून बाहेर आणली. बादली विटांवर ठेवली, अर्सलाननं खालची भोकं काडीनं मोकळी केली. दाजी वीस लिटरची बाटली पोटाशी धरून वाकवत होते आणि मी तिचं तोंड रोपाच्या बुडाशी धरत होते. पाणी मातीत शिरलं, वर आलं, थांबलं, मग बादलीच्या तळातून आधी थेंब आणि मग धार लागली. पांढुरकी धार वाळूत जिरत होती.

दुसरी बाटली आणली. मग अर्सलान त्याच्या खोलीतली घेऊन आला. रोप जगेल की नाही, कोण जाणे. काड्यांवरून पाणी ओघळत होतं.

दाजींचे पाय चिखलात होते. "अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हटलं.

बीकर आत सिंकपाशी पालथा होता. आम्ही किती पाणी घातलं ते मी मोजलं नाही.